पहिला टॅटू: सोलापुरात राहून ठरवण्यापासून खपली पडेपर्यंत

माझ्या आजीच्या हातावर तुळशीवृंदावन गोंदलेलं होतं. लग्नाआधी गड्ड्यात, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेत, होम मैदानावर बसलेल्या गोंदणाऱ्या बाईकडून तिने ते काढून घेतलं होतं. "मेल्यावर दागिने काढून घेतात, गोंदण तेवढं सोबत येतं," असं ती म्हणायची. त्यामुळे मी टॅटू काढायचा म्हटल्यावर आमच्या घरात कुणी अंगावर काय काढतेस म्हणून आकांत केला नाही. आईने एकच प्रश्न विचारला, "सुई कुणाकुणाला टोचलेली असणार ती?"

या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात माझे आठ महिने गेले. मिळणारी बहुतेक माहिती पुण्या-मुंबईची किंवा परदेशातली होती. आपल्याकडचं ऊन, काही दिवसांआड येणारं नळाचं पाणी, भरतीची तयारी करणारी पोरं, देवनागरीत नाव काढायची हौस, यावर कुणी नीट बोलत नव्हतं. आता माझ्या डाव्या हातावर तीन इंचांचा धोटा, म्हणजे मागावर आडवा धागा नेणारं अवजार, गोंदलेला आहे. वडिलांनी पूर्व भागातल्या एका कारखान्यात आयुष्यभर माग चालवला, म्हणून धोटा. तो काढताना जे कळलं ते क्रमाने लिहिते आहे. घाई असेल तर निदान चौथा आणि सहावा टप्पा नीट वाचा.

१. तीन महिने थांबा

डिझाइन सुचलं की ते कागदावर काढा किंवा छापून घ्या आणि रोज दिसेल अशा जागी लावा. माझं कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला होतं. पहिल्या महिन्यात मी ते तीनदा बदललं. आधी चादरीवरचा मोर होता, मग मोराभोवती वेल आली, मग वडिलांचं नाव. तिसऱ्या महिन्यात सगळं गळून नुसता धोटा आणि त्यातून निघालेला एक धागा उरला. त्यानंतर बदलावंसं वाटलं नाही.

तीन महिन्यांत कंटाळा आला, तर टॅटू न काढता तुमची सुटका झाली. पुढे लेझरने काढून टाकता येतो खरा, पण त्याला अनेक सिटिंग लागतात, दोन सिटिंगमध्ये काही आठवडे जाऊ द्यावे लागतात आणि एकूण खर्च बहुतेक वेळा टॅटूपेक्षा जास्तच होतो. शिवाय आपल्यासारख्या सावळ्या त्वचेवर लेझरनंतर पांढरट किंवा काळपट डाग राहण्याचा धोका गोऱ्या त्वचेपेक्षा जास्त असतो.

जोडीदाराचं नाव काढायचं असेल, तर तीन महिन्यांऐवजी वर्षभर थांबा. लग्न ठरलं म्हणून साखरपुड्याच्या आठवड्यात नाव काढलेले दोघे माझ्या ओळखीत आहेत. पुढे काय झालं ते इथे लिहीत नाही, पण दोघेही आता भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात.

२. भरती, नोकरी आणि रक्तदान

पहाटे मैदानावर धावणारी मुलं आपल्याकडे भरपूर आहेत. हा टप्पा त्यांच्यासाठी.

भारतीय सैन्याच्या नियमानुसार कायमचा टॅटू दोनच ठिकाणी चालतो. एक, कोपरापासून मनगटापर्यंत हाताची आतली बाजू. दोन, तळहाताची मागची बाजू. इतर ठिकाणच्या टॅटूमुळे उमेदवार बाद होऊ शकतो. आदिवासी समाजातल्या उमेदवारांना त्यांच्या परंपरेनुसार सवलत आहे. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या भरतीत नियम आणखी घट्ट आहे. तिथे डाव्या हाताची आतली बाजू किंवा हाताची मागची बाजू चालते, कारण उजव्या हाताने सलामी द्यायची असते. टॅटूचा आकार त्या अवयवाच्या पाव भागापेक्षा कमी हवा. धार्मिक चिन्ह किंवा नाव चालतं. राज्यातल्या भरतीसाठी त्या त्या वर्षीच्या जाहिरातीतल्या वैद्यकीय अटी स्वतः वाचा, अकादमीतल्या मित्राच्या तोंडी माहितीवर जाऊ नका. आणि भरतीचा विचार मनात पुसटसा जरी असला, तरी निकाल लागेपर्यंत टॅटू पुढे ढकला. मान, दंड आणि छाती तर सोडूनच द्या.

रक्तदानाचंही आधी पाहा. टॅटू काढल्यावर भारतात १२ महिने रक्तदान करता येत नाही. आमच्या गल्लीत जयंतीला दरवर्षी शिबिर असतं. मी शिबिरात रक्त दिलं आणि त्यानंतर टॅटूची तारीख घेतली.

३. डॉक्टरांना विचारण्याच्या गोष्टी

टॅटूची सुई त्वचेच्या वरच्या थराखालच्या थरात शाई सोडते. खोली साधारण १ ते २ मिलिमीटर असते. वरचा थर सतत झडतो आणि नवा येतो, खालचा तसा झडत नाही, म्हणून टॅटू टिकतो. म्हणजे टॅटू ही हजारो टोचांची एक जखमच असते. जखम भरण्यात ज्याला अडचण आहे त्याने आधी डॉक्टरांना विचारायला हवं.

मधुमेह, रक्त पातळ करणारी औषधं, रक्त न गोठण्याचा आजार, सोरायसिस, कोड, मुरमांसाठीच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या, यातलं काहीही असेल तर त्वचारोगतज्ज्ञांना भेटा. सिव्हिलच्या त्वचारोग ओपीडीतही विचारता येईल. सोरायसिस आणि कोड असणाऱ्यांमध्ये जिथे त्वचेला इजा होते तिथेच नवा चट्टा उठू शकतो. कान टोचल्यावर किंवा लस घेतल्यावर ज्यांच्या अंगावर जाड, वाढत जाणारी गाठ आली आहे, त्यांनी टॅटू न काढणंच बरं. त्या गाठीला केलॉइड म्हणतात आणि टॅटूच्या रेषेवरही ती उठू शकते. गरोदर असाल किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर थांबा.

लस. हिपॅटायटिस बी दूषित सुईतून पसरतो आणि त्याचा विषाणू शरीराबाहेर, कोरड्या पृष्ठभागावरही किमान ७ दिवस तग धरतो. याची लस मिळते. मोठ्यांना सहसा तीन डोस देतात: पहिला, एक महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. लहानपणी दिली असेल तर जुनं कार्ड शोधा. मला कार्ड मिळालं नाही, म्हणून मी तिन्ही डोस घेतले. आठ महिन्यांतले सहा असे त्यातच गेले आणि त्याचं मला अजिबात वाईट वाटत नाही. हिपॅटायटिस सी आणि एचआयव्हीवर लस नाही. तिथे निर्जंतुक सुई एवढाच बचाव आहे. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं तेही डॉक्टरांना सांगा.

४. डिझाइन, आणि देवनागरीचे सापळे

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

शाई त्वचेत गेल्यावर वर्षानुवर्षं किंचित पसरत राहते. आज केसाएवढी असलेली रेघ दहा वर्षांनी जाड दिसते. देवनागरीत याचा फटका मोठा बसतो, कारण आपली काही अक्षरं एकमेकांपासून अगदी थोडक्यात वेगळी आहेत. घ आणि ध मध्ये, भ आणि म मध्ये फरक कुठे आहे ते आत्ता कागदावर लिहून पाहा. शिरोरेघेतली छोटीशी फट आणि वरची गाठ, एवढाच. अक्षर बारीक असेल तर ती फट भरून जाते आणि "भ" चा "म" वाचला जातो. अनुस्वाराचा ठिपका शिरोरेघेला चिकटला तर दिसेनासा होतो. म्हणून अक्षरं मोठी घ्या आणि जोडाक्षरं कमी ठेवा. मनगटावर नखाएवढ्या जागेत "श्रीकृष्णार्पणमस्तु" मावत नाही. आज मावल्यासारखं वाटलं तरी दहा वर्षांनी तिथे काळी पट्टी दिसेल.

दुसरा सापळा शुद्धलेखनाचा. माझ्या मावसभावाने दंडावर "आईचा आशिर्वाद" काढला. बरोबर शब्द "आशीर्वाद", शी दीर्घ. गिरवणाऱ्याने दिलं तसं गिरवलं, भावाने व्हॉट्सॲपवरून आलेलं चित्र दिलं होतं आणि दोघांपैकी कुणीच शब्दकोश उघडला नव्हता. त्याच्या आईला फरक पडत नाही, पण त्याला रोज अंघोळीच्या वेळी तो शब्द दिसतो. तुमचा मजकूर एखाद्या मराठीच्या शिक्षकांना दाखवा. शाळेतल्या बाईंना फोन केला तरी त्या आनंदाने तपासून देतात.

तिसरा सापळा संगणकाचा. काही डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी नीट जुळत नाही. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर जाऊन बसते, रफार उडतो, जोडाक्षर मोडून मध्ये पाय मोडका दिसतो. आर्टिस्ट मराठी असला तरी घाईत हे नजरेतून सुटतं. छापील स्टेन्सिल (त्वचेवर आधी उमटवायचा डिझाइनचा छाप) हातात आल्यावर प्रत्येक अक्षर बोटाने मोजत वाचा.

आपल्या शहरात घरोघरी तेलुगू, कन्नड, उर्दू बोलतात. मैत्रिणीच्या आजीचं नाव तेलुगूत काढायचं असेल तर तेलुगू लिहिता-वाचता येणाऱ्या दोन माणसांना दाखवा. बोलता येणं वेगळं, लिहिता येणं वेगळं. मोडी लिपीचं सध्या वेड आहे. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळत नाहीत आणि अक्षरं एकमेकांत वळत जातात. त्यामुळे मोडी वाचता येणाऱ्या माणसाकडून लिहून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

देवाचं चित्र किंवा नाव काढायचं असेल तर ते कमरेच्या वरच ठेवा. पोटरीवर महादेव काढलेला पाहून घरच्या मोठ्यांना जे वाटतं ते मला बरोबर वाटतं. पाय लागला तर आपण नमस्कार करतो, मग तोच देव पायावर कसा मिरवायचा?

रंगाबद्दल थोडक्यात. गव्हाळ-सावळ्या त्वचेवर काळा सगळ्यात स्वच्छ दिसतो आणि जास्त टिकतो. पांढरा आणि फिका पिवळा थोड्याच दिवसांत त्वचेत मिसळून जातो. ॲलर्जीच्या तक्रारी लाल रंगाच्या जास्त असतात. फोटोतले झगमगीत रंग बहुधा गोऱ्या त्वचेवर, त्याच दिवशी, दिव्याखाली टिपलेले असतात. त्यावरून आपल्या हाताचा अंदाज बांधू नका.

५. जागा कुठली

पहिल्यांदाच काढत असाल तर दंडाची बाहेरची बाजू किंवा मनगटापासून चार बोटं वर हाताचा भाग सोयीचा पडतो. तिथे मांस आहे, वेदना सोसवते, स्वतःला दिसतं आणि धुता येतं. बरगड्या, घोटा, कोपराची आतली खळगी आणि पायाचा वरचा भाग जास्त दुखतो. बोटांवरचा आणि तळहातावरचा टॅटू लवकर पुसट होतो, कारण तिथली त्वचा सतत घासली जाते.

जागा ठरल्यावर बॉलपेनने तिथे आकार काढून आठवडाभर फिरा. पुसला की परत काढा. मी मनगटावर काढला होता तेव्हा घड्याळाचा पट्टा नेमका त्यावरून जात होता. मग दोन इंच वर सरकवला. या कामासाठी "काळी मेंदी" मात्र वापरू नका. तिच्यातल्या केस काळे करण्याच्या रसायनाने त्वचेवर फोड येतात, आणि पुढे हेअर डायचीही आयुष्यभराची ॲलर्जी लागू शकते.

६. स्टुडिओ डोळ्यांनी पाहा

इन्स्टाग्राम पाहून तारीख घेऊ नका. आधी नुसतं पाहायला जा, शक्यतो दुसऱ्या कुणाचा टॅटू चालू असताना. मी शहरातले तीन स्टुडिओ पाहिले. पहिल्या ठिकाणी मुलाने हातमोजे घातले होते, पण त्याच मोज्यांनी त्याने मोबाइल उचलला, गाणं बदललं, खुर्ची ओढली आणि परत सुई धरली. मी चहा घेऊन नमस्कार करून बाहेर आले. काम त्याचं सुंदर होतं, तरीही.

पाहण्याच्या आणि विचारण्याच्या गोष्टी:

- सुई किंवा कार्ट्रिज (मशीनला लावायची सुईची नळी) सीलबंद पाकिटातून तुमच्यासमोर फोडतात का? पाकिटावरची मुदत वाचा.
- शाई मोठ्या बाटलीतून छोट्या एकदाच वापरायच्या कपात ओततात का? उरलेली शाई परत बाटलीत गेली तर तिथून उठा.
- शाई पातळ करायला काय वापरतात? नळाचं किंवा जारचं पाणी चालत नाही, निर्जंतुक पाणीच हवं.
- मशीन, वायर, खुर्चीचा हात यांवर प्लास्टिकचं आवरण चढवतात आणि प्रत्येक गिऱ्हाइकानंतर बदलतात का?
- वापरलेल्या सुया टाकायला जाड, बंद डबा आहे का?
- स्टीलची हत्यारं परत वापरत असतील तर ऑटोक्लेव्ह आहे का? हे यंत्र कुकरसारखं वाफेच्या दाबावर चालतं आणि १२१ अंश सेल्सियसला १५ ते २० मिनिटांत हत्यारं निर्जंतुक करतं. निळा दिवा लागणारी अतिनील किरणांची पेटी म्हणजे ऑटोक्लेव्ह नव्हे. तिच्यात स्वच्छ वस्तू ठेवतात, अस्वच्छ वस्तू तिच्यात ठेवून निर्जंतुक होत नाहीत.

चांगला आर्टिस्ट या प्रश्नांना कंटाळत नाही. मी ज्याच्याकडे काढला त्याने कपाट उघडून पाकिटं हातात दिली. जो चिडतो किंवा "आजपर्यंत कुणाला काही झालं नाही" म्हणतो, त्याला पैसे देऊ नका.

कामाचे फोटो पाहताना भरलेल्या जखमेचे, म्हणजे किमान दोन-तीन महिन्यांनंतरचे फोटो मागा. ताजा टॅटू सगळ्यांचाच ठळक दिसतो. रेघ एकसारखी राहिली की फुटली, हे जुन्या फोटोतच कळतं.

दर कुणी चौरस इंचावर लावतं, कुणी तासावर, कुणी पूर्ण कामावर. लहान कामालाही एक किमान रक्कम असते. टचअप (जखम भरल्यावर फिक्या राहिलेल्या जागी परत शाई भरणं) त्यात धरला आहे का, आगाऊ दिलेले पैसे तारीख बदलल्यास परत मिळतात का, हे विचारून व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. घासाघीस भाजीत करावी, इथे करू नये. पैसे कमी असतील तर आणखी दोन महिने साठवा.

गड्ड्यात किंवा इतर जत्रांत बॅटरीवर चालणाऱ्या मशीनने नाव काढून देतात. एकच सुई, एकच शाईची वाटी, दिवसभर रांगेतली माणसं, वर मैदानातली धूळ. आजीच्या काळात दुसरा पर्याय नव्हता. आज आहे. आईच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे मिळालं: फक्त मला टोचलेली, माझ्यासमोर फोडलेली सुई.

पुण्याला जाऊन काढायचा असेल तर हुतात्मा एक्स्प्रेसने पहाटे जाऊन रात्री परत येता येतं. पण गर्दीच्या डब्यात ताज्या जखमेला धक्के लागतात, आणि टचअपला परत जावं लागतं. मला इथलंच काम पटलं, कारण काही बिघडलं तर रिक्षाने दहा मिनिटांत पोचता येणार होतं.

मुलींसाठी एक गोष्ट: सोबत कुणी बसू शकेल का, पडदा आहे का, हे आधी विचारा. पाठ किंवा खांदा असेल तर हे पहिल्या भेटीतच स्पष्ट झालेलं बरं.

७. तारीख कधीची घ्यावी

सोलापूरचा मार्च ते मे टाळा. पारा चाळिशीच्या आसपास किंवा वर असतो, घामाने जखम ओली राहते आणि दुचाकीवर हात सरळ उन्हात असतो. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम. त्यातही संक्रांतीच्या आसपास गड्ड्यात जायचं असेल तर तारीख त्याच्या महिनाभर आधीची घ्या. मी नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा घेतला.

पुढच्या चार आठवड्यांत पोहणं, नदीतलं स्नान, घरचं लग्न किंवा हळद नसावी. आषाढीला चंद्रभागेत उतरायचं असेल तर टॅटू वारीनंतर. विहिरीत पोहायची सवय असलेल्या पोरांनी हे दोनदा वाचावं.

८. त्या दिवशी

सोबत घ्यायच्या गोष्टी: वयाचा पुरावा म्हणून आधार किंवा वाहन परवाना (नीट चालणारे स्टुडिओ १८ वर्षं पूर्ण असल्याशिवाय काढत नाहीत), चालू औषधांची चिठ्ठी, डॉक्टरांनी काही लिहून दिलं असेल तर ते, डिझाइनची छापील प्रत, मजकूर असेल तर तपासलेल्या शुद्धलेखनासह स्वच्छ अक्षरात लिहिलेला कागद, पाण्याची बाटली, काहीतरी गोड आणि एक शांत माणूस. चार मित्र नेऊ नका. त्यांच्या सूचनांनी ऐनवेळी डिझाइन बदलतं.

आदल्या दिवशी दारू नको, झोप पूर्ण हवी. डॉक्टरांनी रोजची दिलेली गोळी स्वतःहून बंद करू नका. पोटभर जेवून जा. मी भाकरी, भाजी आणि शेंगाचटणी खाऊन गेले होते. उपाशी पोटी चक्कर येते, म्हणून उपवासाच्या दिवशी जाऊ नका. केस घरी काढू नका, ब्लेडने कापलं तर त्या जागी काम करता येत नाही. जुना, सैल, गडद रंगाचा कपडा घाला.

संमतीपत्र देतील ते वाचून सही करा. मग स्टेन्सिल लावतात. ती जांभळट छाप पुसता येते आणि परत लावता येते, म्हणून इथे संकोच करू नका. उभं राहा, हात सैल सोडा, आरशात पाहा. बसून हात वळवलेला असताना सरळ दिसणारी रेघ उभं राहिल्यावर तिरकी होते. माझी स्टेन्सिल तीनदा लावली. आरशात अक्षरं उलटी दिसतात, म्हणून मजकूर सोबतच्या माणसाकडून थेट वाचून घ्या.

वेदना म्हणाल तर उन्हाने भाजलेल्या जागेवर नखाने ओरखडत राहावं तशी. पहिली पाच मिनिटं बोचतं, मग शरीराला सवय होते आणि शेवटच्या भागात परत चुरचुरतं. श्वास रोखू नका. थांबायचं असेल तर हात न हलवता तोंडाने सांगा.

९. पहिले चार आठवडे

निम्मं काम घरी असतं, आणि इथे सोलापूरची दोन प्रसिद्ध उत्पादनं आपल्या विरोधात जातात: चादर आणि टॉवेल. चादरीची वीण जाड असते, सूत जखमेला चिकटतं. टॉवेलच्या गाठींत खपली अडकते. चौथ्या दिवशी कामावर जायच्या घाईत मी टॉवेलने हात पुसला आणि धाग्याच्या टोकाकडची खपली ओढली गेली. तिथे आजही रंग फिका आहे. पहिले दोन आठवडे जुनी धुतलेली मऊ सुती चादर अंथरा आणि पुसायला टिश्यू पेपर वापरा, तोही टिपून, घासून नाही.

आवरण कधी काढायचं ते आर्टिस्ट सांगेल. साधं प्लास्टिक असेल तर काही तासांतच काढतात. चिकटणारी पारदर्शक फिल्म काही दिवस ठेवतात, पण तिच्याखाली घाम साचला किंवा कडा सुटली तर काढून टाका.

धुणं दिवसातून दोन-तीनदा, बिनवासाच्या सौम्य साबणाने, आधी हात धुऊन. पाणी महत्त्वाचं. आपल्याकडे नळ काही दिवसांआड येतो आणि टाकीत, पिंपात साठवलेलं पाणी वापरतो. ताज्या जखमेला ते नको. पहिले दहा दिवस मी पाणी उकळून, गार करून, झाकलेल्या तांब्यात ठेवत होते. प्रत्येक वेळी धुऊन, टिपून झाल्यावर बिनवासाच्या मॉइश्चरायझरचा अगदी पातळ थर. थापून लावलं तर जखम गुदमरते.

घरात कुणीतरी हळद लावायला सांगेलच. प्रेमाने सांगतात, पण डब्यातली हळद निर्जंतुक नसते. खोबरेल तेल, टूथपेस्ट, उघड्या डबीतलं व्हॅसलीन, यातलंही काही नको. मी आईला डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली तेव्हा तिने हळदीचा डबा खाली ठेवला.

पहिले दोन-तीन दिवस लाली, थोडी सूज आणि पाणी सुटणं साहजिक आहे. साधारण चौथ्या-पाचव्या दिवसापासून पापुद्रे निघतात आणि खाज सुटते. खाजवू नका, खपली उपटू नका. खूपच झालं तर स्वच्छ तळहाताने हलकं थोपटा. वरची त्वचा दोन ते चार आठवड्यांत भरते, आतली पूर्ण भरायला दोन-तीन महिने लागतात. तोवर दुचाकीवर सैल सुती बाह्या. सनस्क्रीन जखम भरल्यावरच, आणि त्यानंतर मात्र नेहमी, नाहीतर इथल्या उन्हात काळा रंग लवकर विटतो.

लाली रोज वाढत गेली, पू आला, ताप आला, हात गरम आणि ताठ झाला किंवा टॅटूपासून वर जाणारी लाल रेघ दिसली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. आर्टिस्टला फोटो पाठवून वाट पाहत बसू नका. त्याला सुई चालवता येते, प्रतिजैविक लिहून देता येत नाही.

१०. टचअप

दोन महिन्यांनी, दिवसाच्या उजेडात, टॅटू नीट पाहा. रेघ कुठे तुटली असेल, रंग कुठे उडाला असेल तर फोटो काढून आर्टिस्टला दाखवा. पावती आणि व्हॉट्सॲपवरचं बोलणं तोवर जपून ठेवा. टचअपलाही नवी सुई, नवा कप, नवं आवरण लागतं. दहा मिनिटांचंच काम आहे म्हणून यातलं काही सोडू देऊ नका.

माझ्या धाग्याच्या टोकाला टचअप करायचा का, असं आर्टिस्टने विचारलं होतं. मी वडिलांना हात दाखवला. त्यांनी चष्मा लावला, धोटा सरळ बसलाय का ते पाहिलं आणि म्हणाले, "धागा असाच सुटतो शेवटी. राहू दे."

मी तो तसाच ठेवला.